लेखक व्यासपीठावर, पुस्तक खोक्यात

भोपाळमध्ये टी. टी. नगर नावाची वसाहत आहे. न्यू मार्केट, रंगमहल, स्टेडियम हा सगळा तिथलाच परिसर. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. येवल्याला जन्मलेला, १८५७ च्या धामधुमीत मध्य भारतभर इंग्रजी फौजांना पळवून पळवून दमवणारा आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फासावर गेलेला हा सेनानी. पण रिक्षावाल्याला 'तात्या टोपे नगर' म्हटले तर तो क्षणभर विचारात पडतो, 'टीटी नगर' म्हटले की लगेच मीटर पाडतो. एवढा मोठा माणूस दोन इंग्रजी आद्याक्षरांत मावला! गौरव करायची आपली रीतच अशी आहे. नाव पाटीवर चढवायचे आणि माणसाला गुपचूप खाली उतरवायचे.

आपल्या साहित्य महोत्सवांत आणि संमेलनांत लेखकाचे नेमके हेच होते, असे माझे म्हणणे आहे. लेखकाचे नाव फलकावर असते, गळ्यातल्या बिल्ल्यावर असते, पुष्पगुच्छासोबत माईकवरून तीनदा उच्चारले जाते. त्याने लिहिलेले तेवढे कुठेच नसते.

याच टी. टी. नगरच्या दक्षिण भागात हिंदी गझलकार दुष्यंत कुमार सरकारी घरात राहत. आधी आकाशवाणी आणि मग राज्य सरकारचा भाषा विभाग, अशी त्यांची नोकरी. १९७५ मध्ये त्यांचा 'साये में धूप' हा पातळसा संग्रह आला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला ते गेले. पन्नास वर्षे होऊन गेली. या पन्नास वर्षांत हिंदी मुलखातल्या सभा-समारंभांत त्यांच्या शेरांचा जेवढा वापर झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कुणाच्या झाला असेल. सत्ताधारी म्हणतात, विरोधक म्हणतात, उद्घाटक म्हणतात, आभार मानणारेही म्हणतात. पुढे टी. टी. नगरचा ३४२ एकरांचा पट्टा स्मार्ट सिटीसाठी निवडला गेला, जुनी सरकारी घरे पाडायला घेतली, आणि त्यांत दुष्यंत कुमारांचे घरही गेले. राजुरकर राज या माणसाने धडपडून उभ्या केलेल्या, दुष्यंत कुमारांच्याच नावाच्या पांडुलिपी संग्रहालयालाही आपले बिऱ्हाड हलवावे लागले. लेखकांची हस्तलिखिते, पत्रे, वापरातल्या वस्तू असा तो ठेवा.

आता गंमत बघा. टी. टी. नगरपासून जवळच, श्यामला हिल्सच्या बाजूला, भारत भवन आहे, रवींद्र भवन आहे. तिथे साहित्याचे मोठमोठे महोत्सव भरतात. म्हणजे एका टेकडीवर शब्दांचा उत्सव, आणि पायथ्याशी शब्दांच्या माणसाचे घर जमीनदोस्त. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच काळात. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही, याचेच मला नवल वाटते.

गोव्यातल्या माणसाने भोपाळची उठाठेव का करावी, असे कुणी विचारील. कारण सांगतो. भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी उघडले. त्याचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, म्हणजे मूळ गोंयकार घराण्यातले. पणजीची आमची कला अकादमीही त्यांचीच. इथे मांडवीचा काठ, तिथे बड्या तलावाचा काठ. दोन्हीकडे इमारत पाण्याकडे तोंड करून नम्रपणे बसलेली, उंच होऊन छाती न काढणारी. भारत भवन तर उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाते. वास्तूने नम्र राहावे आणि आत जे घडते ते मोठे असावे, हा त्यामागचा विचार मला दिसतो. आम्ही त्या विचाराचे काय केले, हे दोन्ही शहरांना सारखेच विचारता येते.

दुसरे कारण अधिक आतले आहे. गोवा आणि भोपाळ ही दोन्ही मराठीची घरे आहेत, पण महाराष्ट्राबाहेरची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून कारकून, अधिकारी, शिक्षक अशी मराठी कुटुंबे तिथे येऊन राहिली. टी. टी. नगर ही अशा सरकारी नोकरांचीच वसाहत. म्हणून तर १९६७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भोपाळला भरू शकले. अध्यक्ष होते वि. भि. कोलते, महानुभाव वाङ्मयाचे जाणकार. त्याआधी तीनच वर्षे, १९६४ मध्ये, ते आमच्या मडगावात भरले होते, कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली. तर सांगायचा मुद्दा, टेकडीवरच्या त्या उत्सवाचे जे होते ते आमच्याही अंगणात होते.

आधी साधा हिशेब मांडू. ऑगस्ट २०२३ मध्ये साहित्य अकादेमीचा 'उन्मेष' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव भोपाळच्या रवींद्र भवनात झाला. राष्ट्रपतींनी उद्घाटन केले. पाचशेहून अधिक लेखक, शंभराच्या आसपास भाषा. ऐकायला भव्य वाटते. पण पाचशे लेखकांना प्रत्येकी फक्त दहा मिनिटे द्यायची म्हटली तर पाच हजार मिनिटे होतात, म्हणजे त्र्याऐंशी तासांहून जास्त. चार दिवस, दिवसाला आठ तास धरले तर श्रोत्याच्या हाती बत्तीस तास. मग करायचे काय? एकाच वेळी अनेक दालनांत कार्यक्रम लावायचे. म्हणजे श्रोता एका लेखकाला ऐकायला बसला की बाकीच्यांना तो हुकला. आणि लेखक? दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या माणसाला आयुष्याच्या कामातले किती सांगता येते दहा मिनिटांत? दहा मिनिटांत फार तर आपल्या गावाचे नाव, भाषेचे नाव आणि 'आयोजकांचे आभार' एवढेच होते.

मी एका 'उन्मेष'वर घसरत नाही. तिथे निदान बोडो, संथाली, मिझो लिहिणारे माणूस दिसले, आणि भोपाळच्या एखाद्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा ती भाषा कानांनी ऐकली, हे पुण्यच आहे. भोपाळमध्ये २०१९ मध्ये दोन नवे महोत्सव सुरू झाले, भारत भवनातला भोपाळ साहित्य व कला महोत्सव आणि टागोर विद्यापीठाचा 'विश्वरंग'. आमच्याकडे २०१० पासून दोनापावलच्या गोवा आर्ट्स अँड लिटररी फेस्टिव्हलने वाट पाडली. जयपूरने २००६ मध्ये सुरुवात केली आणि मग साथ पसरावी तसे महोत्सव गावोगाव पसरले. दोष कुणा एकाचा नाही. दोष त्या साच्याचा आहे, जो आम्ही न तपासता उचलला.

तो साचा कसा असतो? सांगतो, तुम्हीही पाहिलेला आहे.

सत्र साडेअकराला. उद्घाटन लांबलेले असल्यामुळे सुरुवात बारा वाजून दहा मिनिटांनी. व्यासपीठावर पाच खुर्च्या. चार लेखक आणि एक संवादक. आधी दीपप्रज्वलन, कारण आधीच्या सत्रातली समई विझलेली. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. पाचांचे सत्कार करायला पाच मान्यवर बोलावलेले, त्यांची नावे वाचायला निवेदिका. त्यात दहा मिनिटे जातात. मग संवादक प्रत्येकाचा परिचय वाचतो. तो लेखकानेच पाठवलेला असतो आणि त्यात पुरस्कारांची यादी असते. आणखी दहा मिनिटे. मग पहिला प्रश्न, 'आपली लेखनप्रेरणा काय?' दुसरा प्रश्न, 'आजच्या तरुण पिढीला काय संदेश द्याल?' मग मागून चिठ्ठी येते, 'वेळ संपत आली.' श्रोत्यांतून एक गृहस्थ उठतात, प्रश्न विचारतो म्हणून स्वतःची कविता म्हणतात. टाळ्या. समूहछायाचित्र. जेवण.

यात पुस्तक कुठे आले? पुस्तक मंडपाच्या मागे, प्रकाशकाच्या टेबलाखालच्या खोक्यात. टेबलावर स्पर्धा परीक्षांची आणि पाककृतींची पुस्तके, कारण ती खपतात. ज्या कवीचा आत्ताच सत्कार झाला त्याचा संग्रह मागा, विक्रेता म्हणतो, 'आणलेला नाही हो, नाव लिहून द्या, पोस्टाने पाठवू.'

एका महोत्सवात (नाव घेत नाही) माझ्याशी बोलायला नेमलेल्या संवादकाने व्यासपीठाच्या पायऱ्या चढता चढता मला विचारले, 'तुमचे एखादे पुस्तक सांगा ना, उल्लेख करतो.' त्या बिचाऱ्याला आदल्या रात्री फोन करून बसवले होते. त्याचा काय दोष! दोष आहे तो, लेखकाशी बोलायला लेखक वाचलेला असावा लागतो ही गोष्टच ज्या कार्यक्रमपत्रिकेत कुठे बसत नाही, तिचा. गाण्याच्या मैफलीत तबलजी ऐनवेळी रस्त्यावरून उचलून आणत नाहीत. दशावतारी नाटकातसुद्धा संवाद आयत्या वेळी रचतात, पण आख्यान सगळ्यांना पाठ असते. साहित्याच्या मैफलीत मात्र काहीही चालते.

आता बाहेरच्या मराठी लेखकाचे दुखणे. महाराष्ट्रातल्या लेखकाला निदान 'लेखनप्रेरणा' विचारतात. गोव्याच्या, बेळगावच्या, भोपाळच्या, इंदूरच्या मराठी लेखकाला तीही विचारत नाहीत. त्याच्यासाठी एक राखीव परिसंवाद असतो, 'बृहन्महाराष्ट्रातील मराठी: समस्या आणि उपाय'. वेळ दुपारी तीनची, जेवणानंतरची. त्याने तिथे आपल्या गावात मराठी शाळा किती उरल्या हे सांगायचे, मंडळाच्या गणेशोत्सवाचे कौतुक करायचे आणि खाली उतरायचे. त्याने कादंबरी लिहिली आहे, ती कशी आहे, फसली आहे की जमली आहे, यावर चकार शब्द नाही. आम्हा गोव्याच्या लोकांना तर प्रश्न ठरलेले. पोर्तुगीज गेल्यावर कसे वाटले? मराठी की कोकणी? १९८७ च्या राजभाषा कायद्याबद्दल आपले मत? जणू आम्ही साहित्यिक नव्हे, तर एका जुन्या खटल्यातले साक्षीदार. आणि इंग्रजी महोत्सवात गेलो तर समुद्र, फेणी आणि सुशेगाद! माणूस तोच, फक्त चौकशीची खिडकी बदलते.

यात नुकसान फक्त मानपानाचे असते तर मी इतके लिहिले नसते. नुकसान समजेचे आहे. मध्य भारताचेच उदाहरण घ्या. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ मध्ये श्योपूरला जन्मले, मराठी घरात. लिहिले हिंदीत, आणि हिंदी कवितेला कायमचे वळण दिले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध. त्यांनी मराठीत लिहिले. 'नवी मळवाट' ही कविता, 'क्षिप्रा' ही कादंबरी, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार. एकाच घरात, एकाच जेवणाच्या पंगतीत वाढलेले दोन भाऊ. दोघांनाही माणसाच्या मुक्तीचा प्रश्न छळत होता, एकाने तो एका भाषेत मांडला, दुसऱ्याने दुसऱ्या. १९४३ च्या 'तार सप्तक'मधल्या सात हिंदी कवींपैकी दोघे, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, घरी मराठी बोलणारे होते. भारतात एका भाषेची नाळ दुसरीत कशी रुजते हे शिकायला याहून मोठा धडा सापडणार नाही.

आणि आजच्या महोत्सवाच्या साच्यात हे दोन भाऊ कुठे बसतील? थोरला 'हिंदी कविता: कल और आज' मध्ये, दालन क्रमांक एक. धाकटा 'प्रादेशिक भाषांचा आवाज' मध्ये, दालन क्रमांक चार. वेळ दोघांची एकच. दोघांनाही दहा-दहा मिनिटे. भावाने भावाला ऐकायचे नाही, श्रोत्याने दोघांना एकत्र ऐकायचे नाही.

थोरले मुक्तिबोध १९६४ मध्ये भोपाळच्याच हमीदिया रुग्णालयात आजारी पडून होते. तिथून त्यांना दिल्लीला नेले आणि ११ सप्टेंबरला ते गेले. तोवर त्यांचा एकही कवितासंग्रह छापून झालेला नव्हता. 'चाँद का मुँह टेढ़ा है' मागाहून आला. आज त्यांच्या नावाशिवाय हिंदी साहित्याचे एकही सत्र पुरे होत नाही. जिवंतपणी छापायला कुणी नाही आणि मेल्यावर मिरवायला सगळे, हा आपला शिरस्ता. म्हणूनच मला महोत्सवाच्या उत्साहाची धास्ती वाटते. लेखकाचे काम हाती घेण्यापेक्षा लेखकाला हाती धरून मिरवणे सोपे असते.

कुणी म्हणेल, पण लेखकाने लोकांपुढे येऊन बोलण्याची पद्धत तर आपली जुनीच आहे. अगदी खरे! माझे भांडण त्या पद्धतीशी नाहीच. ती मोडल्याशी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एक वक्ता, एक विषय, एक संध्याकाळ. नंतर गावोगावी तशा माला झाल्या, गोव्यात झाल्या. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार ही त्रयी कथाकथनाला गावोगाव हिंडली. विंदा, बापट, पाडगावकर या तिघांनी कवितेसाठी सभागृहे भरवली. तिथे लेखक स्वतः येत असे, पण येताना आपली कथा किंवा कविता घेऊन येत असे. श्रोता घरी जाताना लेखकाचा फोटो नव्हे, गोष्ट घेऊन जात असे. ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्यालाही पुस्तक भेटत असे.

भोपाळकरांना तर हे सांगायलाही नको. मालती जोशी, मराठी घरातल्या आणि हिंदीत नावाजलेल्या कथालेखिका, अनेक वर्षे मध्य प्रदेशात राहिल्या. त्या आपली कथा हातात कागद न घेता, मुखोद्गत सांगत, आणि श्रोता सुरुवातीपासून शेवटापर्यंत हलत नसे. २०२४ मध्ये त्या गेल्या. शरद जोशी भोपाळमध्ये राहिले-गाजले, आणि कविसंमेलनाच्या व्यासपीठावर त्यांनी चक्क गद्य वाचून दाखवले, लोकांनी ते कवितेसारखे उचलून धरले. या दोघांपैकी कुणाला कुणी 'आपली लेखनप्रेरणा काय' असे विचारून वेळ काढला नाही. त्यांनी लिहिलेलेच ऐकवले. मग ज्या गावाला हे ठाऊक होते त्या गावात पाच खुर्च्यांचा तमाशा का?

आता दुसरी बाजू ऐकू. आयोजक म्हणतात, 'लोक गंभीर कार्यक्रमाला येत नाहीत. चेहरे लागतात, गर्दी लागते, पाच जण असले तर पाच जणांचे नातेवाईक येतात.' नातेवाइकांचा मुद्दा मान्य! बाकीचा नाही. आमच्या गोव्यात २००८ पासून दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावे विचारांचा महोत्सव सुरू झाला. साचा तोच जुना व्याख्यानमालेचा. एका संध्याकाळी एक वक्ता, भरपूर वेळ, मग प्रश्न. कला अकादमीचे मोठे सभागृह भरून लोक पायऱ्यांवर बसलेले मी पाहिले आहेत. त्यात कॉलेजची पोरे होती, बँकेतले कारकून होते, काणकोणहून बसने आलेले शिक्षक होते. म्हणजे लोक येतात. लोकांना गृहीत धरले की येत नाहीत.

'पण महोत्सवामुळे लेखकाचे नाव तर होते!' होते ना. टी. टी. नगरचेही नाव आहेच.

आणखी एक गोष्ट, जी या सगळ्या सजावटीत विसरली जाते. लेखकाचे जाहीर बोलणे हे कधी काळी धोक्याचे काम होते. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, रानड्यांनी महात्मा फुल्यांना बोलावले, आणि फुल्यांनी नकाराचे पत्र धाडले. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही तिथे आमचे काय काम, असा त्याचा रोख. सभेत काय काय भाषणे झाली ती आज कुणाला आठवतात? ते पत्र मात्र अजून वाचले जाते. १९७५ मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थना करायला लावले. पुढे १९७६ मध्ये त्या तुरुंगात गेल्या. आणि २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेतले गेले. झाले काय? न झालेले ते भाषण मराठीत येऊन वर्तमानपत्रांतून घरोघरी वाचले गेले. झालेल्या भाषणांपेक्षा जास्त!

या तीन घटनांत एक समान धागा आहे. तिन्ही वेळा शब्दाला वजन होते, म्हणून कुणाला तरी त्याची भीती वाटली. आजच्या सत्रात काय बोलले जाते त्याची कुणाला भीती वाटेल? दहा मिनिटांत, पाच खुर्च्यांत, चिठ्ठी येईपर्यंत माणूस काय बोलणार? बंदी घालायची गरजच उरलेली नाही. सत्कार केला की पुरते. शाल पांघरली की तोंड आपोआप झाकले जाते.

पैशाचेही बोलून टाकतो, कारण मराठी लेखक ते बोलत नाही आणि आयोजक त्याचा फायदा घेतात. मंडपवाल्याला पैसे मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात, जेवणावळीच्या कंत्राटदाराला मिळतात, विमानाने येणाऱ्या नामवंताला मिळतात. ज्याच्या नावाने हे सगळे उभे राहते त्या स्थानिक लेखकाला स्मृतिचिन्ह मिळते. आमच्या घरी अशा स्मृतिचिन्हांचे एक कपाट आहे. त्यात ठेवायची पुस्तके जागेअभावी माळ्यावर गेली आहेत! एवढ्यावरून काय ते समजा.

नुसती टीका करू नये, उपाय सांगावा, असे म्हणतात. सांगतो. खर्च कमीच होईल, वाढणार नाही.

एक, लेखक निम्म्याहून कमी करा आणि वेळ दुप्पट करा. एक लेखक, एक पुस्तक, एक तास. दोन, ते पुस्तक कोणते हे तीन महिने आधी जाहीर करा आणि त्याच्या वीस-पंचवीस प्रती गावातल्या ग्रंथालयांत, कॉलेजांत ठेवा. सत्राला येणाऱ्यांतल्या तीस जणांनी जरी ते वाचलेले असले तरी प्रश्नांचा पोत बदलतो. तीन, संवादकाने पुस्तक वाचलेले असावे, ही अट कार्यक्रमपत्रिकेइतकीच पक्की करा. असा माणूस मिळाला नाही तर संवादक नको, लेखकाला सरळ वाचू द्या. चार, दर सत्रात किमान पंधरा मिनिटे लेखकाच्या आवाजात त्याचे लेखन. पाच, सत्कार बंद. सहा, मानधन सगळ्यांना, आणि भाषा पाहून त्यात फरक नाही. सात, विक्रीच्या टेबलावर त्या दिवसाच्या लेखकाचे पुस्तक सगळ्यांत वर.

आणि भोपाळसाठी खास आठवे. भाषांची दालने वेगळी करू नका. एका संध्याकाळी दोन्ही मुक्तिबोधांचे वाचन ठेवा, हिंदी आणि मराठी, एकाच व्यासपीठावर, आलटून पालटून. चंद्रकांत देवतालेंनी दिलीप चित्र्यांची कविता हिंदीत नेली, त्या कविता दोन्ही भाषांत वाचा. हे महागड्या मंडपात नको. टी. टी. नगरमध्ये, जिथे नागपूर-ग्वाल्हेरहून आलेल्या मराठी कारकुनांची आणि हिंदी शायराची घरे एका रांगेत होती, तिथल्याच एखाद्या शाळेच्या सभागृहात करा. शंभर खुर्च्या पुरतील. दुष्यंत कुमारांचे घर होते त्या जागेजवळ एक साधा दगड बसवा, आणि त्यावर पुढाऱ्याचे नाव न घालता त्यांचे पुरे नाव आणि पुस्तकाचे नाव कोरा. आणि ते पुस्तक शेजारच्या वाचनालयात ठेवा. दगड नसला तरी चालेल, पुस्तक हवे.

आमच्या गोव्याच्या संमेलनवाल्यांनीही हसू नये. शेकोटी संमेलनासारखे चार घरगुती प्रयत्न सोडले तर आपणही त्याच मंडपवाल्याचे गिऱ्हाईक आहोत. मराठी विरुद्ध कोकणी हा वाद आपण अर्धे शतक व्यासपीठावरून घातला. त्या वेळात एकमेकांची पुस्तके वाचली असती तर बाकीबाब बोरकरांसारखा माणूस दोन्ही भाषांत का लिहीत होता ते तरी कळले असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आता सोहळे वाढतील, निधी वाढेल, मंडप मोठे होतील. म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या वर्षी कुठल्याही गावचे निमंत्रण आले तर लेखकांनी आधी एकच विचारावे, 'माझे कुठले पुस्तक वाचून मला बोलावता आहात?' उत्तर आले तर जावे, पदरचे पैसे घालूनही जावे. उत्तर आले नाही तर घरी बसून चार पाने लिहावीत. साहित्याची तेवढी तरी सेवा होईल.